पालथा हात

केटरिंगमध्ये उन्हाला छानच म्हणतात.
तीस अंशांना छान, चौतीसलाही छान.
पोस्टमन अर्ध्या चड्डीत लालबुंद होऊन म्हणतो, छान.
आणि मी चंद्रपूरची,
जिच्या भाषेत तलखी आहे, रखरख आहे, काहिली आहे,
मीही म्हणते, हो ना, छान.

रात्रपाळी करून आलेली मी, पडदे ओढून पडलेली.
साडेबाराला शेजारच्या फाटकाची कडी वाजते.
मिसेस टेबट निघाल्या. मागे त्यांचा कुत्रा,
चपट्या नाकाचा, आखूड पायांचा, अकरा वर्षांचा,
नाव हंफ्री आणि काम हाफणं.
क्लिफ होता तेव्हा साडेबाराला न्यायचा.
क्लिफ गेला, साडेबारा राहिले.

फटीतून पाहिलं.
डांबर चमकत होतं, भिजल्यासारखं.
हंफ्री एक पाय उचलायचा, मग दुसरा,
आणि पलीकडून कुणीतरी हसून म्हणालं,
बघा, नाचतोय.

मला ठाऊक आहे तो नाच.
सातवीत असताना, मे महिन्यात,
रॉकेलच्या रांगेतून येताना चपलेचा अंगठा तुटला
आणि घरापर्यंतचा रस्ता मी
विजेच्या खांबाच्या सावलीतून पानटपरीच्या सावलीत
असा उड्या मारत काढला.
मला निदान ओरडता येत होतं.

सहा वर्षांत आम्ही दोघी फक्त हवेबद्दल बोललो होतो.
कुंपणावरून त्याहून जास्त बोलायची इथे पद्धत नाही.
मग वाटलं, हेही हवेबद्दलच आहे की.

तशीच गाऊनवर धावले, अनवाणी,
आणि दोन पावलांत परत येऊन चपला घालून गेले.
काय म्हणायचं ते इंग्रजीत जुळेना.
म्हणून खाली बसले,
रस्त्यावर पालथा हात टेकवला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तसा,
आणि मोठ्याने मोजायला लागले. मराठीत.
एक. दोन. तीन.
चारला हात आपोआप उचलला गेला.
हंफ्रीने तो चाटला. जीभही गरम होती.

मिसेस टेबटना वाकता येत नाही, गुडघे.
त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं,
मग त्याच्या पायांकडे, बराच वेळ.
क्लिफने बेचाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात तळ कापले, त्या म्हणाल्या.
माणूस भेटला की आधी पायात काय आहे ते बघायचा.
पुढे काही बोलल्या नाहीत.
चोवीस किलोंचा हंफ्री मी उचलला.
घरापर्यंत त्याची लाळ माझ्या गळ्यात.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला कडी वाजली नाही.
मला झोप येईना.
जाऊन पाहिलं तर हंफ्री स्वयंपाकघराच्या फरशीवर
पोट टेकून, चारी पाय फाकून घोरतोय,
आणि त्या दारात उभ्या, डोक्यावर हॅट,
हातात पट्टा,
पट्ट्याच्या टोकाला कुणी नाही.
म्हणजे रोज फिरायला न्यायचं होतं ते कुत्र्याला नव्हतंच.

मी खिडक्या बंद केल्या,
इथे उन्हाळा आला की सगळे त्या उघडून झळ आत घेतात.
टॉवेल भिजवून त्याच्या पोटाखाली सरकवला.
एक वाजेपर्यंत बसलो.
त्यांनी क्लिफची आरी दाखवली, मूठ झिजून बोटांच्या आकाराची झालेली.
मी त्यांना काहिली हा शब्द सांगितला.
कायली, कायली, म्हणून बघत राहिल्या.

आता रात्री साडेनऊला निघतो. तेव्हाही उजेड असतो.
मी रस्त्याला हात लावते,
त्या फाटकाशेजारच्या विटांच्या भिंतीला,
तिथे वाकावं लागत नाही.
काल मी म्हटलं, चला, निवलंय.
त्या भिंतीवरून हात काढेनात.
अजून नाही, म्हणाल्या, जरा थांबू.
हंफ्री खाली बसला.